तिसरा खण, चौथा खण

मी एक जुना लाकडी ट्रे आहे, सहा खणांचा. येमेनमध्ये इब्बच्या डोंगरात बाळंतपणाचं एक छोटं इस्पितळ आहे, तिथल्या भिंतीवर खिळ्याला मी टांगलेला असतो. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय आणि आयोडीनचे डाग अंगात इतके मुरलेत की रंधा मारला तरी जाणार नाहीत. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिच्यात एका भल्या माणसाला एक वाक्य बोलायचं होतं. ते तो बोलला की नाही, एवढीच काय ती माझी गोष्ट. मी ती मनात इतक्या वेळा घोळवली आहे की आता सांगताना माझा आवाज अगदी सपाट येतो. तुम्ही ते मनावर घेऊ नका.

मला हिजाम सुतारानं घडवलं. रंगीत काचांच्या खिडक्यांना चौकटी करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. एक दिवस इस्पितळातला भूल देणारा मुतह्हर त्याच्या दुकानात आला. उंच, हडकुळा, बोलायला मिठ्ठास माणूस. म्हणाला, "हिजामभाऊ, मला असं काहीतरी कर की काचेची कुपी त्यात उभी राहील, डगमगणार नाही, आणि मी हात न लावता वरून सुई घालून औषध ओढून घेईन."

"तू बायकांना भूल देतोस की अत्तर विकतोस?" हिजाम म्हणाला.

"अत्तर विकलं असतं तर बायको तरी खूश राहिली असती. कर ना बाबा."

हिजामनं चेष्टा केली खरी, पण काम झकास केलं. बाभळीच्या उरलेल्या फळीत त्यानं एका ओळीत सहा खण कोरले. खोल असे, की कुपी मानेपर्यंत आत बसावी. मुतह्हरनं एक कुपी घालून पाहिली, मला हलवून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. कुपी जागची हलली नाही. तो इतका हरखला की त्यानं माझ्या काठाचा मुका घेतला. कुपीवर छापलेलं औषधाचं नाव माझ्या पोटात गडप होत होतं, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

बारा वर्षं मी शस्त्रक्रियेच्या खोलीत काम केलं. आमच्याकडे लिहायचं उजवीकडून, वाचायचं उजवीकडून, आणि मोजायचं तेही उजवीकडून. पहिल्या खणात सुया. दुसऱ्यात रक्तदाब सावरणारं औषध. तिसऱ्यात पाठीत टोचायचं, कमरेखालचं अंग बधिर करणारं. चौथ्यात रक्तस्राव रोखणारं. पाचव्यात उलटी थांबवणारं, सहाव्यात कापूस. औषधांची खरी नावं लांबलचक आणि परकी होती. शिवाय दर खेपेला कुपी निराळ्या देशातून यायची, तिच्यावरची लिपी निराळी असायची. त्यामुळे नावं कुणी घेतच नसे. "तिसरा आण", "चौथा संपला", "पाचव्यात दोनच उरल्यात", अशी आमची भाषा. नवीन माणसाला वाटावं, हे लोक शाळेतल्या इयत्तांबद्दल बोलतायत.

चौथ्या खणाबद्दल मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. त्यातल्या औषधाचं नाव ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. तुमचं बोट कापलं की थोड्या वेळानं रक्त गोठतं, बरोबर? शरीरच तिथे एक जाळं विणतं आणि भोक बुजवतं. पण त्याच शरीरात ते जाळं विरघळवणारंही काहीतरी असतं. एरवी तेही हवंच, नाहीतर नळ्या तुंबतील. मात्र एखादी बाई बाळंत होऊन भळाभळा रक्त जात असेल, तेव्हा विणणाऱ्यापेक्षा उसवणारा हात जोरात चालतो. हे औषध त्या उसवणाऱ्या हाताला धरून ठेवतं. दात काढल्यावर, अपघातात, पाळीत फार रक्त जात असेल तेव्हाही ते उपयोगी पडतं.

एकदा वरच्या गावातली एक बाई चार माणसांनी खाटेवर घालून खाली आणली. घरीच बाळंत झाली होती आणि खाटेची सुंभं लाल झाली होती. मुतह्हरनं माणसांना आधी विचारलं, "मूल होऊन किती वेळ झाला?" कारण हे औषध तीन तासांच्या आत दिलं तर कामाचं, आणि जितकं लवकर तितकं बरं. उशिरा देऊन हाती काही लागत नाही. माणसं म्हणाली, सूर्य त्या शिखरावर होता तेव्हा झालं. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं, हिशेब केला, दीड तास. मग विचारलं, "पायात किंवा छातीत कधी रक्ताची गाठ झाली होती का? फिट येते का? मूत्रपिंडाचं काही?" नव्हतं. मग चौथ्या खणातल्या दोन कुप्या, शिरेतून, घड्याळावर डोळा ठेवून दहा मिनिटं. घाईनं ढकललं तर रक्तदाब धाडकन खाली येतो. डॉक्टर अफराहबाई दोन्ही हातांनी तिचं पोट चोळत होत्या. गर्भाशय आवळायचं औषधही चालू होतं. तासाभरानं बाईनं डोळे उघडले आणि पहिलं काय बोलली, तर "माझी चप्पल कुठाय?" सगळे इतके हसले! तेव्हा अफराहबाई मला थोपटून म्हणाल्या, "मुतह्हर, तुझ्या ह्या ट्रेवर माझा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास आहे. डोळे मिटून हात घातला तरी हवं ते येतं."

डोळे मिटून. कौतुक म्हणूनच म्हणाल्या हो त्या.

मग हनादी आली. तरुण परिचारिका, हुशार, चटपटीत, परदेशात शिकून आलेली. तिची सगळी पुस्तकं तुमच्यासारखी डावीकडून उजवीकडे जाणारी. एका मंगळवारी सकाळी औषधांची नवी पेटी आली. माझे मधले दोन खण रिकामे होते, बाकीचे भरलेले. मुतह्हर दारातूनच म्हणाला, "हनादी, तिसऱ्यात बधिर करायचं भर, चौथ्यात रक्ताचं."

"भरते," ती म्हणाली.

आणि तिनं भरलं. एक, दोन, तीन, असं मोजून. डावीकडून.

मित्रांनो, तुमच्या वहीवर सहा चौकोन काढा आणि करून बघा. डावीकडून तिसरा म्हणजे उजवीकडून चौथा. दोन्ही कुप्या सारख्याच उंचीच्या, दोन्हीतलं औषध पाण्यासारखं. त्या माझ्यात मानेपर्यंत बसल्या आणि दोघींची नावं आत गेली. मला ते कळलं का? कळलं. मला सांगता आलं का? नाही.

बुधवारी सकाळी लुत्फिया आली. तिचं पहिलं मूल पोट कापून झालं होतं, म्हणून दुसऱ्याचाही दिवस ठरवलेला. बाईच्या तोंडाला खळ नव्हता. टेबलावर बसतानाच म्हणाली, "मुतह्हरभाऊ, मागच्या वेळी माझे पाय दगडाचे झाले होते. या वेळी जरा हळू हं."

"या वेळी पाय राहू दे, जिभेला टोचू का?"

"टोचा! माझी सासू तुम्हाला कोंबडं कापून जेवू घालेल."

मुतह्हर हसला. त्यानं तिसऱ्या खणातली कुपी मान धरून अर्धी वर काढली, मान मोडली आणि तिला परत खणात सोडलं, रोजच्यासारखं. हात धुतले, हातमोजे घातले, माझ्यातल्या कुपीत वरून सुई घालून औषध ओढलं. लुत्फिया उशी कवटाळून पुढे वाकली. त्यानं पाठीत सुई घातली. बारा वर्षं तो हेच करत होता आणि त्याचा हात कधी चुकला नव्हता. त्या दिवशीही हात चुकला नाही.

"पायात ऊब येतेय का?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "जळतंय, भाऊ. कंबर जळतेय."

मग तिचे पाय आपोआप उडू लागले. मुतह्हरनं खणात दोन बोटं घातली, रिकामी कुपी पूर्ण बाहेर काढली आणि तिच्यावरचं नाव वाचलं. शिरेतून जायचं ते औषध पाठीच्या कण्यात गेलं होतं. शिरेत जे जीव वाचवतं, ते कण्यात गेलं तर आग लावतं. "डॉक्टर, औषध चुकलं," तो मोठ्यानं म्हणाला. तेवढं तरी त्यानं लगेच सांगितलं. म्हणून अफराहबाईंना काय करायचं ते कळलं. त्यांनी लुत्फियाला पूर्ण झोपवलं, मूल बाहेर काढलं. मुलगी, जिवंत. झटके थांबवायची औषधं दिली, पाठीतलं पाणी काढून बघितलं, होतं नव्हतं ते सगळं केलं. मग गाडीत घालून शहराकडे पाठवलं. दुपारी घाटात, वरच्या वळणाजवळ, लुत्फिया गेली.

त्यानंतर काय वाटलं, असं कुणी मला विचारलं तर मी सांगू शकत नाही. काहीच वाटलं नाही. खोली पुसली, मला पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर ठेवलं. मुतह्हरही तसाच झाला होता. चहात साखर घालायचा, ढवळायचा, पुन्हा साखर घालायचा आणि तसाच ठेवून उठून जायचा. कुणी हाक मारली तर वळायचा, पण उशिरा. रडला नाही. चिडला नाही. दुपारी सगळे पुरुष गाल भरून कातची, म्हणजे तरतरी आणणाऱ्या एका झुडपाची, पानं चघळत बसायचे, तिथे तोही बसायचा, पण पानं हातातच सुकून जायची.

गावात लोक म्हणत होते, अल्लाची मर्जी, हृदय बंद पडलं बिचारीचं. असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते आपणच ठरवलं होतं, आणि आमच्यापैकी कुणी त्यांना अडवलं नव्हतं.

हनादी तिसऱ्या दिवशी मुतह्हरसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते. "मी भरलं होतं," ती म्हणाली. "मी डावीकडून मोजलं. माझ्यामुळे झालं. मी जाऊन सांगते त्यांना."

"तू मोजलंस," मुतह्हर म्हणाला. "टोचलं मी."

"पण मी नीट…"

"हनादी, कुपी माझ्या हातात होती. नाव तिच्यावर लिहिलेलं होतं. तू घरी जा आणि जेव."

मग तो अफराहबाईंकडे गेला आणि म्हणाला, लुत्फियाच्या आईला सांगायचंय. बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो, तसं समजू नका. वीस वर्षं त्यांनी या खोऱ्यातल्या बाया वाचवल्या होत्या. "सांगशील," त्या म्हणाल्या, "आणि उद्यापासून एक बाई इथे पाऊल ठेवणार नाही. घरीच बाळंत होतील. रक्त जाईल, तिथेच मरतील. त्या चौथ्या खणातल्या औषधाला लोक विष म्हणतील. एकीसाठी किती जणींना मारणार आहेस तू? जीभ आवर."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तू जन्मभर ओझं वाहशील. तू वाहा. बायांवर नको टाकूस."

त्यांचं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं. सात दिवस मुतह्हर ते वाक्य तोंडात घेऊन फिरला. आठव्या दिवशी सकाळी त्यानं मला कापडात गुंडाळलं, ती रिकामी कुपी खिशात घातली आणि चालू लागला.

लुत्फियाच्या आईचं, रौदाचं घर ज्वारीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांवर, टोकाला होतं. अंगणात रौदाचा भाऊ काइद बसला होता. रौदा सूप घेऊन ज्वारी निवडत होती, शेजारी नात झोळीत झोपली होती. मुतह्हरनं सलाम केला. मग कमरेचा जंबिया म्यानातून उपसला. काइद ताडकन उठला. पण मुतह्हरनं पातं स्वतःकडे आणि मूठ काइदकडे करून तो खंजीर त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवला. आमच्याकडे लहान पोरालाही याचा अर्थ कळतो. माझा गुन्हा आहे, तुम्ही द्याल तो निवाडा मला मान्य आहे. मग त्यानं मला उघडलं, कुपी बाजूला ठेवली आणि सांगितलं. सगळं सांगितलं. खण, उजवं-डावं, कुपी. फक्त हनादीचं नाव घेतलं नाही.

काइदनं जंबिया उचलला. "हा माणूस आणि हे लाकूड, दोन्ही…" एवढं म्हणून तो थांबला आणि बहिणीकडे वळला. "तुझं रक्त आहे. तू बोल."

रौदा ज्वारी निवडत राहिली. एक खडा काढला, फेकला. दुसरा काढला, फेकला. मग सूप खाली ठेवून कुपी उचलली, उन्हात धरली, फिरवून फिरवून बघितली.

"हे काय आहे, मुंग्यांसारखं?"

"नाव आहे, मावशी. औषधाचं नाव."

"मला वाचता येत नाही," रौदा म्हणाली. "लुत्फियाला येत नव्हतं. काइदलाही येत नाही. तुला येतं?"

"येतं."

"मग तू वाचलं का नाहीस?"

इतक्या दिवसांनी मुतह्हर तिथे, अंगणात, गुडघ्यावर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. रौदा रडली नाही. तिचे डोळे कोरडे होते, कुठेतरी लांब लागलेले. काइद तिच्याकडे बघत होता, मुतह्हर मातीकडे. नात झोळीत कुरकुरली, तेव्हा रौदानं न बघताच हातानं झोका दिला आणि मग बोलली.

"ऐक. काम सोडायचं नाहीस. सोडून कुठे जाशील, आणि इथे दुसरं कोण आहे? जंबिया माझ्याकडे राहील. तू रिकामं म्यान कमरेला बांधून फिरशील. कुणीही विचारलं, पातं कुठाय, तर सांगशील, आत्ता मला सांगितलंस तसंच. बाजारात, लग्नात, मशिदीत, कुठेही. आणि यापुढे जिला टोचशील तिला आधी कुपीवरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवशील. तिला समजो न समजो. तिनं ऐकलं पाहिजे की तू वाचलंस."

"आणि हे?" काइदनं मला पायानं ढकललं. "हे जाळू?"

"लाकूड जाळून काय होतंय," ती म्हणाली. "घेऊन जा तुझं तू."

आमच्याकडे पुरुषानं रिकामं म्यान बांधून फिरणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला कसं सांगू? लग्नघरात दारातच लोक थांबवायचे. "काय रे मुतह्हर, पातं कुठे हरवलंस?" काही हसायचे. मग तो सांगायचा आणि हसणं बंद व्हायचं. अफराहबाई म्हणाल्या होत्या तसं झालंही. दोन महिने बाया आल्या नाहीत. त्या दोन महिन्यांत वरच्या गावात घरीच एक बाई रक्त जाऊन गेली, आणि ते कळलं त्या दिवशी मुतह्हर माझ्यासमोर भिंतीला टेकून बसून राहिला. बरं केलं की वाईट केलं, याचा त्याला उलगडा होईना. मलाही झाला नाही, अजून झालेला नाही. पण त्याचं सांगणं डोंगर ओलांडून गेलं होतं. दुसऱ्या खोऱ्यातल्या इस्पितळातून भूल देणारा एक जण मुद्दाम आला, म्हणाला, "आमच्याकडेही दोन्ही कुप्या शेजारी ठेवतात. एकदा अगदी थोडक्यात वाचलो आणि मी कुणाला बोललो नाही." आता तिथे रक्ताचं औषध वेगळ्या खोलीत, लाल पेटीत ठेवतात. आमच्याकडेही.

मला कामावरून काढलं. हनादीनं मला शिकवायच्या खोलीत टांगलं. नव्या मुली आल्या की ती त्यांना माझ्यासमोर उभं करते आणि म्हणते, "तिसरा खण दाखवा." निम्म्या एका खणावर बोट ठेवतात, निम्म्या दुसऱ्यावर. मग आपापसात भांडतात. हनादी त्यांना भांडू देते. मग सांगते, की एके दिवशी तिनंही बोट ठेवलं होतं. ती स्वतःचं नाव घेऊन सांगते, दर वेळी.

मित्रांनो, मी तुमच्याकडे एकच मागतो. तुमच्या आईला, आजीला, तुम्हाला कुणी गोळी दिली, सुई टोचली, तर विचारा, हे काय आहे? नाव वाचून दाखवायला सांगा. लाजू नका. घरातल्या बाटल्यांवरची नावं झाकू नका, सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या शेजारी ठेवू नका. आणि कुणी आपली चूक स्वतःहून सांगायला आला तर त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या. चुका सगळ्यांच्याच होतात, सांगायला येणारे मात्र थोडे असतात.

गेल्या महिन्यात सकाळी मधलं दार उघडं राहिलं होतं. टेबलावर रौदाची धाकटी मुलगी होती. रौदा स्वतः तिला घेऊन आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती. मुतह्हरनं कुपी बोटांत धरली, उजेडाकडे नेली आणि वाचलं, "बुपिव्हॅकेन. पाठीत टोचायचं."

बाहेरून रौदाचा आवाज आला, "ऐकू आलं नाही."

त्यानं पुन्हा वाचलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि ती "हं" म्हणेपर्यंत सुई हातात घेतली नाही.